मांडीवरचे बळ



चुकलेला शब्द घरात बोलला तर तो घरातच मिटतो. परंतु नारदांच्या गादीवर उभे राहून, मागे टाळकरी आणि समोर तीन-चारशे माणसे बसलेली असताना दिलेला दृष्टांत चुकला, तर तो तीन-चारशे घरांत जातो. तेथे कोणी त्याचा काय उपयोग करील, हे सांगणाऱ्याला कळत नाही. माझ्या हातून असा एक दृष्टांत चुकला. तो कुत्र्यांचा होता. वाचक माउलींनी विषय पाहून हसू नये. हसण्यानेच सारा घोटाळा झाला, तो पुढे येईलच.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात सिडकोच्या वसाहतीत माझे एक यजमान राहतात. मूळचे बिडकीनकडचे शेतकरी. शेती अजून आहे, पण मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर केले. दर एकादशीला त्यांच्या घरी हरिपाठ आणि त्यानंतर घटकाभर निरूपण, असा आमचा बारा-तेरा वर्षांचा नेम आहे. घरात माणसे सात आणि कुत्री दोन.

मोठ्याचे नाव खंड्या. जातीचा कारवानी. ही आपल्याच दख्खनची जात आहे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातले जानवळ गाव या कुत्र्यांसाठी ओळखले जाते. त्यांतल्या केसाळ वाणाला पश्मी म्हणतात. लांब पाय, आत गेलेले पोट, निमुळते तोंड. सशामागे धावण्यासाठीच जणू देवाने घडविलेले शरीर. खंड्या उभा राहिला की त्याची पाठ माझ्या मांडीला लागे. धाकटा तो टफी. पांढरा, गुबगुबीत, पाच-सहा किलोंचा. लोक या जातीला सरसकट पामेरियन म्हणतात. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ नावाचा चित्रपट आला, त्यात असाच पांढरा कुत्रा होता आणि त्याचे नाव टफी होते; तेव्हापासून घरोघर टफी झाले, असे माझ्या नातवंडांनी मला सांगितले. मी काही तो पाहिलेला नाही.

आता या घरातले राज्य कोणाचे? टफीचे. हरिपाठ आटोपला की वहिनी दोन ताटल्यांत दूधभाकरी कुस्करून ठेवीत. टफी आपली ताटली सोडून खंड्याच्या ताटलीवर जाऊन उभा राही आणि दात दाखवी. तो एवढा दांडगा खंड्या दोन पावले मागे सरे आणि मान वळवून भिंतीकडे पाहत राही. धाकट्याचे पोट भरले, तो निघून गेला, की मग हा येऊन उरलेसुरले चाटी. खंड्या ओसरीवर आपल्या पोत्यावर निजलेला असला आणि टफीला तीच जागा हवीशी वाटली, तर मोठ्याने उठावे आणि थंड फरशीवर जाऊन निजावे, असा शिरस्ताच पडला होता. दारातून आत यायचे तरी टफी आधी. घरातली सगळी मंडळी हसत. यजमान मला म्हणत, “पाहा महाराज, एवढासा जीव आहे, पण वाघाला वाकवतो!” टफीने गुरगुरावे, पोरांनी टाळ्या पिटाव्या आणि वहिनींनी त्याला उचलून मांडीवर घ्यावे. मांडीवर गेल्यावर तर तो अधिकच भुंके.

मीही हसलो. नुसता हसलो असतो तर एक वेळ चालले असते. नाथषष्ठीला पैठणास एका दिंडीत माझे कीर्तन होते. भक्तीच्या ठिकाणी देहाच्या मोठेपणाला किंमत नाही, असा विषय चालला होता. चांगदेवांची आणि मुक्ताबाईंची कथा लावली. चौदाशे वर्षांचे योगी, वाघावर बसून आलेले, आणि समोर एवढीशी पोर. पण शिष्य कोण झाले आणि गुरू कोण, हे आपण जाणताच. कथा रंगली. श्रोते डोलू लागले. अशा वेळी कीर्तनकाराची जीभ जरा सैल सुटते, हे मी अनुभवाने सांगतो. मी म्हणालो, “माउली, मुक्ताबाई लांब राहू द्या, आमच्या सिडकोत या, पाच किलोंचा टफी खंड्याला कसा नमवतो ते दाखवतो!” आणि मग टफीचे गुरगुरणे, खंड्याचे मान वळवणे, सगळे करून दाखविले. मंडप हसून लोटपोट झाला. पखवाजी सुद्धा हात थांबवून हसत होता. मला वाटले, दृष्टांत बसला.

पुढे भाद्रपदात एका रात्री यजमानांचा फोन आला. खंड्याने टफीला धरले होते. एकदाच, एक झटका आणि सोडून दिले. पण तेवढ्याने टफीच्या मानेला आणि कानाला टाके पडले. घरात रडारड. थोरल्या मुलाने खंड्याला काठीने मारले. यजमान विचारीत होते, “महाराज, घरात लहान नातू रांगतो. हा आता उलटला. काय करावे?” मी जेवणावरून उठून फोन घेतला होता. फार विचार केला नाही. म्हटले, “घरातली शांती महत्त्वाची. त्याला शेतावर सोडून द्या.” दुसऱ्या दिवशी खंड्या बिडकीनला गेला. तेथे त्याला साखळी लावली.

हे झाल्यावर माझ्या मनाला स्वस्थता नव्हती, पण कारण सापडत नव्हते. पाठशाळेत असताना आमच्या गुरुजींनी महाभारताचे आदिपर्व लावून घेतले होते. त्याच्या आरंभीच्याच भागात सरमेच्या पोराची कथा आहे. सरमा ही देवांची कुत्री. तिच्यावरूनच संस्कृतात कुत्र्याला सारमेय म्हणतात. कुरुक्षेत्रावर जनमेजय आणि त्याचे भाऊ सत्र करीत होते. तेथे सरमेचे पिल्लू आले. भावांनी त्याला बडविले. ते रडत आईकडे गेले. आता आई काय करते पाहा. ती तडक भांडायला धावत नाही. आधी पोराला विचारते, तू काही आगळीक केली असशील, म्हणून मारले असेल. पोर म्हणते, मी काही केले नाही, हविष्याकडे पाहिले सुद्धा नाही आणि चाटलेही नाही. मग ती यज्ञमंडपात येते आणि विचारते, याने अपराध केला नसता तुम्ही का मारले? त्या राजपुत्रांना उत्तर देता आले नाही. तिने शाप दिला की नकळत येणारे भय तुमच्यावर येईल. एवढा मोठा राजा, पण त्या शब्दाने घाबरला आणि ते पाप शमविण्यासाठी योग्य पुरोहित शोधीत फिरू लागला. एवढ्या थोरल्या भारतग्रंथाच्या दारातच व्यासांनी मार खाल्लेले कुत्रे उभे करून ठेवले आहे. ही कथा मी चाळीस वर्षे सांगतो आहे. पण भाद्रपदातल्या त्या रात्री सरमेने पोराला विचारला तो एक साधा प्रश्न मला सुचला नाही. खंड्याला विचारणार कसे म्हणाल, तर खंड्याला विचारता येते. ते कसे, हे मला कार्तिकात कळले.

कार्तिकात एका गावी सप्ताह होता. माझा उतारा एका तरुण डॉक्टरांच्या घरी होता. परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेले, माळकरी गृहस्थ. रात्री जेवणे झाल्यावर अंगणात बसलो असता मी त्यांना ही सगळी हकिकत सांगितली, दृष्टांतासकट. ते ऐकत राहिले, हसले मात्र नाहीत. मग म्हणाले, “महाराज, तो मोठा भितो, असं तुम्हाला कशावरून वाटलं?”

मी म्हटले, “मागे सरतो. मान फिरवतो.”

“ते भ्यायचं लक्षण असतंच असं नाही. कुत्र्यानं मान फिरवणं, ओठ चाटणं, उगीच जांभई देणं, म्हणजे तो म्हणतो, मला भांडायचं नाही. तुमच्याकडे वडीलधारा माणूस भांडण टाळायला विषय बदलतो की नाही?”

आणि मग त्यांनी बराच वेळ समजावले. ते माझ्या शब्दांत मांडतो. कुत्र्यांत थोरपण वजनावर ठरत नाही. घरात आधी कोण आले, वय कोणाचे किती, कोणाला कोणती वस्तू किती हवी आहे, यांवर पुष्कळ अवलंबून असते. भाकरीपुरता एक वरचढ, तर खेळण्यापुरता दुसरा, असेही असते. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत जगाची ओळख करून घेते. भावंडांत खेळताना दात जोराने लागला की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. त्यातून दात आवरायचे शिक्षण मिळते. ज्या मोठ्या कुत्र्याला हे शिक्षण चांगले मिळाले, तो लहानासमोर आपणहून कमी होतो. खेळताना पाठीवर पडून लहानाला छातीवर चढू देतो. आजोबा नातवाशी कुस्तीत हरतात, तसेच ते. खंड्या हरत नव्हता, तो आवरत होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार आवडली. कुत्र्यांत आणि लांडग्यांत एक म्होरक्या असतो आणि तो दांडगाईने बाकीच्यांना दाबतो, ही कल्पना कोठून आली? १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या विद्वानाने स्वित्झर्लंडात बाझल येथील प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर लिहिले. ते कोंडलेले लांडगे होते. पुढे १९७० मध्ये डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या पुस्तकाने ती कल्पना जगभर गेली. पण याच मेक यांनी नंतर उत्तर ध्रुवाकडच्या एका बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिले की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पोरे. तेथे कोणी गादीसाठी झगडत नाही. कोंडलेल्यांत जे दिसले ते मोकळ्यांना लावले, ही चूक झाली. आपले गाजलेले मत आपणच छापून मागे घेणारा विद्वान! मी मनात म्हटले, आपल्यालाही एक मागे घ्यायचे आहे.

“मग टफी एवढा मातला कशाने?” मी विचारले.

डॉक्टर म्हणाले, “त्याला मातवला. मोठा कुत्रा गुरगुरला की माणसं दचकतात, त्याला आवरतात. लहान गुरगुरला की हसतात आणि उचलून घेतात. भुंकलं की मांडी मिळते, एवढंच तो शिकला.” हे त्यांचे एकट्याचे मत नव्हते. २०१० साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे कुत्री पाळणाऱ्या पुष्कळ लोकांची माहिती घेऊन अभ्यास झाला. त्यात असे आढळले की लहान कुत्र्यांचे मालक आज एक तर उद्या दुसरे असे वागतात, शिस्त कमी लावतात. आणि लहान कुत्री कमी ऐकतात व अधिक चिडतात. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी जातीजातींच्या चिडकेपणाची तुलना केली. त्यात अंगावर जाण्याच्या बाबतीत वरच्या बाजूला कोण निघाले? डॅक्सहुंड आणि चिवावा, म्हणजे एक आखूड पायांचे आणि दुसरे ओंजळीत मावणारे. त्यांचा चावा फार लागत नाही, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. मोठा एकदा चावला की बोभाटा होतो.

हे ऐकताना मला शांतिपर्वातली एक कथा आठवली, आणि तेव्हा दृष्टांत कोठे चुकला ते स्वच्छ दिसले. भीष्म युधिष्ठिराला सांगतात. अरण्यात एक ऋषी राहत होते. गावातले एक कुत्रे त्यांच्या लोभाने आश्रमात राहिले, फळेमुळे खाऊन दुबळे झाले, पण त्यांना सोडीना. एके दिवशी बिबट्या त्याला खायला आला. ऋषींनी दया केली आणि कुत्र्याला बिबट्या केले. पुढे वाघ आला, तेव्हा वाघ केले. हत्ती आला, तेव्हा हत्ती. सिंह आला, तेव्हा सिंह. शेवटी आठ पायांचा शरभ आला, तेव्हा त्याला शरभ केले. आता अरण्यात त्याच्या धाकाने एकही प्राणी उरला नाही. मग त्या शरभाच्या मनात आले, या ऋषीलाच खावे. ऋषींनी ते जाणले, त्याला पुन्हा कुत्रा केले आणि आश्रमातून घालवून दिले. हितोपदेशात हीच गोष्ट उंदराची करून सांगितली आहे, ती मुलांनाही ठाऊक असते. भीष्मांनी यातून राजाला सेवक कसे नेमावे ते शिकविले. नीतीच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण मला कथेत नेहमी एक प्रश्न पडे, आणि गुरुजींना विचारण्याचे धाडस झाले नाही: शरभ उन्मत्त झाला यात त्या ऋषींचे काहीच नाही काय? प्रत्येक वेळी भय आले की त्यांनी त्याला मोठे केले. भय सोसायला किंवा मर्यादेने राहायला एकदाही शिकविले नाही. आणि शेवटी शिक्षा झाली ती कुत्र्याला. टफीचे बळ टफीचे नव्हतेच. ते वहिनींच्या मांडीचे होते. मुक्ताबाईंचे बळ कोणाच्या मांडीवरून आलेले नव्हते. तिने चांगदेवांची ताटली ओढली नाही, त्यांना कोरेपण दाखविले. मी त्या दोघांना एका वाक्यात बसविले, ही माझी चूक.

पण हे अर्धेच झाले. दुसरा अर्धा खंड्याकडचा, आणि तो अधिक कठीण आहे.

ज्या पैठणात मी हसविले, त्याच पैठणात नाथ महाराज गोदावरीचे स्नान करून येत असता एक उन्मत्त गृहस्थ वरून त्यांच्या अंगावर थुंके. नाथ पुन्हा स्नानाला जात. तो पुन्हा थुंके. परंपरा सांगते की असे एकशे आठ वेळा झाले. नाथांच्या कपाळावर आठी नाही. उलट तुमच्यामुळे आज इतकी स्नाने घडली असे म्हणाले, आणि शेवटी तो पायांवर पडला. ही कथा आम्ही सगळे कीर्तनकार सांगतो. मीही किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. पण कोणाला सांगतो? घरात एकजण सोसतो आणि एकजण त्याच्या ताटावर उभा राहतो. आपण सोसणाऱ्याला बाजूला घेतो आणि म्हणतो, बाबा, नाथांची शांती आठव. थुंकणाऱ्याला बाजूला घेऊन कोणी काही सांगत नाही. तो मांडीवर असतो.

नाथांची शांती नाथांनी पत्करलेली होती. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी राहून, सेवा करून ती कमावलेली होती. त्यांना दुसरा घाट मोकळा होता, दुसरी वाट मोकळी होती. खंड्याला कोणती वाट होती? तो गुरगुरला असता तर काठी बसली असती. आणि बसलीही होती. डॉक्टरांनी नेमके हेच विचारले, “तो आधी कधी गुरगुरला होता का?” मी आठवून सांगितले की दोन-तीन वर्षांपूर्वी गुरगुरत असे, पण पोरांनी त्याला दटावून ती सवय मोडली. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे घंटा काढून घेतली. कुत्र्याचं गुरगुरणं म्हणजे इशारा असतो. तो मारून बंद केला की राग जात नाही, इशारा तेवढा जातो. मग लोक म्हणतात, अचानक चावला.” आणि पुढे म्हणाले, “त्याचं अंग कोणी तपासलं का? इतकी वर्षं सोसणारा कुत्रा एका दिवसात उलटतो, तेव्हा आधी दुखणं शोधावं.”

दुसऱ्या आठवड्यात हे डॉक्टर आपल्या कामासाठी संभाजीनगरला आले, तेव्हा यजमानांना बरोबर घेऊन आम्ही तिघे बिडकीनला गेलो. खंड्या बाभळीखाली साखळीने बांधलेला होता. बरगड्या दिसत होत्या. मला वाटले, आता अंगावर येईल. तो उठला, शेपूट खाली ठेवूनच हलविली आणि यजमानांच्या गुडघ्याला डोके लावून उभा राहिला. डॉक्टरांनी त्याचा उजवा कान उलटून दाखविला. आत पू होता, आणि कान आतून सुजून लाल झालेला. कितीतरी दिवसांचे जुने दुखणे. यजमान खाली बसले. हळूच म्हणाले, “त्या रात्री टफी त्याच्या पोत्यावर चढला होता, महाराज. कानालाच धरून ओढत होता. आम्ही हसतच होतो.”

सरमेच्या पोराला विचारलेला प्रश्न तो हा. उत्तर कानात होते.

यजमानांनी खंड्याला घरी आणायचे ठरविले, पण वहिनी भ्यायल्या होत्या, आणि त्यांचे भय खोटे नव्हते. लहान कुत्र्याची मान मोठ्याच्या जबड्यात यायला निमिषही पुरते; एकदा घडले ते पुन्हा घडू शकते, हे डॉक्टरांनीही लपविले नाही. रांगत्या मुलाला तर कोणत्याही कुत्र्याजवळ, लहान असो की मोठा, एकटे सोडू नये, असे त्यांनी दोनदा बजावले. म्हणून पंधरा दिवस कानाचे औषध आधी शेतावरच झाले. मग काही नियम ठरले. ताटल्या दोन खोल्यांत, मध्ये दार लावलेले. दोघांची निजायची जागा वेगळी, एकाने दुसऱ्याच्या जागेवर गेल्यास माणसाने शांतपणे हाक मारून त्याला बोलवायचे. घरात कोणी नसेल तेव्हा दोघांना एकत्र ठेवायचे नाही. खंड्या गुरगुरला तर मारायचे नाही, टफीला दूर न्यायचे. आणि टफी भुंकत असताना त्याला उचलायचे नाही. गप्प बसला म्हणजे मग घ्यायचे. या शेवटच्या नियमाला वहिनी म्हणाल्या, “बाकी सगळं करीन हो, पण ते लेकरू हात वर करून बघतं माझ्याकडे.” मी म्हटले, “वहिनी, त्याला मांडी देऊ नका असे कोणी म्हणत नाही. भुंकण्याचे बक्षीस म्हणून देऊ नका.” सोपे वाटते, पण पहिले आठ दिवस त्या घरात कानठळ्या बसत होत्या, असे ऐकतो. पुढे कमी झाले. सगळे गेले असे नाही.

जाता जाता पाठशाळेतली एक आठवण सांगतो. पाणिनीने ज्यांचे वैर कायमचे आहे त्यांच्या द्वंद्व समासाला एकवचन सांगितले आहे. अहिनकुल, मार्जारमूषक अशी उदाहरणे आम्ही घोकली. त्यात श्वानाचे श्वानाशी वैर कोठे गणलेले नाही. एका अंगणातल्या दोघांचे वैर व्याकरणाने कायमचे मानले नाही, एवढे मला बरे वाटले. आमच्या गुरुजींनी या अर्थाला मान डोलावली नसती, पण असो.

मार्गशीर्षातल्या एकादशीला मी गेलो तेव्हा खंड्या ओसरीवर आपल्या पोत्यावर होता. टफी आला, पोत्याच्या काठाशी थांबला, घशात थोडा आवाज केला आणि वहिनींकडे पाहू लागला. वहिनी वाती वळीत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. हात मात्र थांबले होते, ते मी पाहिले. टफी थोडा वेळ उभा राहिला, मग जाऊन तुळशीपाशी उन्हात बसला. खंड्याने डोळे मिटले.

पुढच्या नाथषष्ठीला पैठणास त्याच दिंडीत कीर्तन होते. अभंगाचे चरण सोडविण्याआधी मी उभ्या उभ्या सांगितले की मागल्या वर्षी मी येथे दोन कुत्र्यांचा दृष्टांत दिला, तो चुकीचा होता, तो मी परत घेतो. आणि झाले ते सगळे सांगितले, माझ्या फोनवरच्या सल्ल्यासकट. या वेळी कोणी हसले नाही. कीर्तन तसे बेताचेच झाले, रंगले नाही. टाळकऱ्यांपैकी एकजण नंतर म्हणाला सुद्धा, महाराज, आज चाल लागली नाही.

आरती झाल्यावर लोक पाया पडून जात होते. त्यांत साठीच्या घरातली एक बाई थांबली. हातात काला घेतलेला होता, डोईवर पदर. म्हणाली, “महाराज, मागल्या साली तुम्ही ते सांगितलं ना, तवा आमची धाकली जाऊ माझ्या शेजारीच बसलेली व्हती. घरी गेल्यावर वरीसभर मला खंड्या म्हणायची. समदे हसायचे.”

मला काही बोलता येईना. मी विचारले, “आज ती आली आहे का?”

“आलीया की,” बाई म्हणाली, “तिकडं चपला शोधतीया,” आणि पदर सावरून नाथांच्या दर्शनाच्या रांगेकडे निघून गेली.